थोरली फुटली त्याची खरी हकीकत

शमुवेल,

उभा जन्म तुला मी 'मेल्या' म्हणून हाक मारली आणि तू कधी मनावर घेतली नाहीस. आता घेतलीस. तुझा हा जुनाच रोग. नको ते मनावर घ्यायचं आणि ऐकायचं ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचं.

प्रार्थनासभेत वाटायच्या पुस्तिकेसाठी दोन चांगले शब्द लिहा असं मार्थावहिनींनी मला सांगितलं. मी म्हटलं, वहिनी, चांगले शब्द पाळकसाहेबांकडून घ्या, त्यांच्याकडं बारमाही साठा असतो. माझ्याकडं सध्या फक्त शिव्या आहेत. तर म्हणाल्या, "मग त्याच लिहा, हमीदभाई. त्यांना तुमच्या शिव्यांची सवय हाय. गोड लिहिलंत तर कोणी लिहिलंय हे ओळखायचे न्हाईत."

म्हणून लिहितोय. तुझा जन्म, तुझी नोकरी, तुझा स्वभाव वगैरे दुसरे लिहितील. स्वभावाबद्दल तर ते इतकं खोटं लिहितील की मला लाज वाटेल, आणि खोट्याची लाज मला सहसा वाटत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय. थोरलीबद्दल. बारा-तेरा वर्षं तू मला फसवलंस, आणि त्याचा जाब विचारायच्या आत पेटीत जाऊन झोपलास. पेटी मीच केलेली. तिच्यावरही येतो, थांब. तुला आता कुठं ड्यूटीवर जायचंय?

दौंडात जे अलीकडं आले, कुरकुंभच्या कंपन्यांसाठी नाहीतर पोरांच्या शाळेसाठी, त्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. रुळांपलीकडच्या दगडी देवळाच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मनोऱ्यात तीन घंटा आहेत. थोरली, मधली, धाकटी. रेल्वे कंपनीच्या गोऱ्या साहेबांनी आणवल्या. कशा आल्या याच्या दोन हकीकती. माझ्या हकीकतीत त्या आगबोटीनं मुंबईला आल्या, घाटात इंजिनानं हात टेकले, मग सात हत्ती लावले, त्यातला एक हत्ती थोरलीचा नाद ऐकून वेडा झाला आणि भीमेत उतरला तो अजून वर आलेला नाही. तुझ्या हकीकतीत त्या मालगाडीच्या वाघिणीतून आल्या. संपली हकीकत. मी हत्ती, नदी, सगळं उभं करायचो, पोरं डोळे विस्फारून ऐकायची, आणि तू मागून शांतपणे म्हणायचास, "वाघिणीतून आल्या." तुझ्यासारख्या माणसाबरोबर गप्पा मारणं म्हणजे भरलेल्या ताटात कोणीतरी सारखं पाणी ओतणं.

पण वाजायच्या कशा, यावर आपलं दोघांचं एकमत होतं. रविवारी आधी धाकटी, झोपलेल्यांना उठवायला. मग मधली, पाळकसाहेब निघाले म्हणून सांगायला. लग्नाला तिन्ही एकदम, कानठळ्या बसेपर्यंत. आणि देवळाच्या मंडळीतलं कोणी गेलं की एकटी थोरली. सावकाश. एक ठोका विरून जाईपर्यंत दुसरा नाही. त्या वेळी आमच्या वखारीत माझे अब्बा आरायंत्र बंद करायला लावायचे. भुशाचा धुरळा खाली बसायचा, अब्बा टोपी नीट करायचे आणि विचारायचे, "कौन गया रे?" कोण का असेना. थोरली वाजली म्हणजे गावातलं कोणीतरी गेलं. विहाराच्या बाजूच्या गल्लीतल्या बाया हातातली भाकरी तव्यावर तशीच ठेवून दारात यायच्या. स्टेशनवरचा चहावाला किटली खाली ठेवायचा. तिचा नाद भांडगावपर्यंत जायचा हे खरं आहे. वारा असला तर पार शिरूर तालुक्यात केंदूरपर्यंत जायचा असं मी सांगत आलो. केंदूरच्या एकाही माणसानं आजवर नाकारलेलं नाही. कोणी विचारलं नाही हा भाग वेगळा.

घंटेचा दोर आधी तुझ्या वडिलांच्या हातात होता, मग तुझ्या. आणि आठवडाभर तुझ्या हातात हातोडी असायची. हे काम आता फार जणांना ठाऊक नसेल. गाडी फलाटाला लागली की तुम्ही लोक डब्यांच्या कडेनं वाकून एकेका चाकावर लांब दांड्याची हातोडी मारत जायचा. टण्ण. टण्ण. टण्ण. चाक धड असलं की गातं. चीर गेली असली की भद्द वाजतं, मडक्यासारखं. मग डबा काढायचा, गाडी अडायची, प्रवासी शिव्या घालायचे, आणि तू पुढच्या चाकाकडं जायचास. तुझे कान असे होते की तुझ्या घरी मी नवीन कप कधी नेला नाही. तू टिचकी मारून बघायचास.

आता ऐक, मेल्या, मी सगळं जोडून आणलंय.

शिरूरकडं एका वाडीवर मला लाकूड पोचवायचं होतं. तुझी सुट्टी होती, तू टेंपोत शेजारी बसलास. वाडीच्या कडेला मिशनच्या वेळचं पत्र्याचं छोटं देऊळ, आणि देवळासमोर गर्दी. भंगारवाला आलेला. त्यांच्या घंटेला तडा गेला होता म्हणून त्यांच्या पंचांनी ती विकायला काढलेली. अख्खी घंटा गाडीत चढेना. म्हणून दोन माणसं घण घेऊन तिच्यावर तुटून पडली होती. प्रत्येक घावाला ती ओरडत होती. घंटेसारखी नाही, जनावरासारखी. तुकडे पडले, पोत्यात भरले, वजनकाट्याला लावले. एक म्हातारी पदरानं तोंड झाकून बसली होती, ती तेवढी आठवते. मी आपला सवयीनं म्हटलं, "चला, आता तिच्या तांब्याच्या घागरी होतील, बाया पाणी भरतील." परतीच्या वाटेवर केडगावला मी भजी घेतली. तू हात लावला नाहीस. चौफुला गेल्यावर एकदाच बोललास.

"चीर गेली म्हणून फोडली."

मी म्हटलं, मग काय तिची पूजा करायची होती? तू खिडकीबाहेर बघत बसलास. मी विसरलो. माझ्यासारखी माणसं विसरतात, कारण आम्हाला पुढची गोष्ट सांगायची घाई असते. तू विसरला नव्हतास.

त्यानंतरच्या पावसाळ्याच्या अखेरीस तिकडं किल्लारीला जमीन हलली, आणि इथं आपल्याही मांडणीवरची भांडी वाजली. त्या पहाटे मनोऱ्यात थोरली आपोआप एकदा वाजली असं मी गावाला सांगितलं. ते अर्धं खोटं होतं. मी झोपलो होतो. सकाळी मंडळी जमली, मनोऱ्यातून चुन्याचे पोपडे पडले होते. तू हातोडी घेऊन एकटा वर गेलास. मी खाली शिडी धरून उभा होतो. वरून एकच आवाज आला.

भद्द.

"काय वाजलं रे?" मी खालून ओरडलो.

"तुळई," तू वरून म्हणालास.

मग तू खाली आलास. तोंडाला जाळी लागली होती. पाळकसाहेब म्हणाले, काय शमुवेल? तू त्यांच्याकडं बघितलं नाहीस, माझ्याकडं बघितलंस, आणि म्हणालास, "तुळई गेली. वाळवीनं खाल्लीय, त्यात हा दणका. आजपासून घंटा बंद. ओढली तर तिन्ही खाली येतील आन् कोणाला तरी घेऊन जातील."

मी लाकडाचा माणूस. माझ्या तीन पिढ्या लाकूड ठोकून बघण्यात गेल्या. मला लाकडाचा आवाज कळू नये? कळला असता, नालायका, पण तू सांगितलंस तुळई, म्हणून मी तुळई ऐकली. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी वर चढून वाद घातला असता. तुझ्यावर विश्वास ठेवला, हे माझं चुकलं.

आणि मग सुरू झाला तुळयांचा तमाशा. आज मला हे लिहिताना घाम फुटतोय रागानं. मी म्हटलं, माझी वखार असताना दौंडच्या घंटा लाकडावाचून मुक्या राहतात? उद्या आणतो. पहिली आणली साग. तू बघितलीस, हात फिरवला, म्हणालास, ओली आहे, वाकेल. वर्षभर सुकवली. तेव्हा म्हणालास, आता फार सुकली, तडकेल. दुसरी आणली केंदूरच्या एका पडलेल्या चावडीची, अशी की तिच्यावर कुऱ्हाड मारली तर कुऱ्हाडीनं माफी मागावी. तू म्हणालास, आखूड. अरे, टेप कोणी धरली होती? तूच धरली होतीस! तिसरी आणली बाभळीची. म्हणालास, देवळात बाभूळ शोभत नाही. येशूच्या डोक्यावर काट्यांचा मुकुट होता, तेव्हा कोणाला विचारलं होतं का शोभतो का म्हणून? मी असं म्हटल्यावर तू हसलास, पण तुळई परत पाठवलीस. शेवटची शिरूरहून आणली, जुन्या जिनिंग मिलच्या छपराची, तेल प्यायलेली, काळीभोर, तिच्यावर हत्ती बांधावा. माझ्या हकीकतीतला तोच भीमेतला हत्ती. तू तिच्याभोवती फिरलास, वाकलास, आणि बोट ठेवलंस.

"गाठ हाय."

"कुठं गाठ?"

"ही काय."

"ती गाठ नाही, चामखीळ आहे! माझ्या मानेवर यापेक्षा मोठी आहे!"

"मग तुझ्यावर पण घंटा टांगायच्या न्हाईत," तू म्हणालास.

वखारीतली सगळी माणसं हसली. मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. म्हणजे संध्याकाळी तुझ्या ओट्यावर येऊन बसायचो, चहा प्यायचो, पण बोललो नाही.

मग मी दुसरा उपाय काढला. म्हटलं, झुलवायचं राहू दे. घंटा आहे तिथं राहू दे, कोणी गेलं तर वर जाऊन हातोडीनं एक एक ठोका द्यायचा. तुळईला धक्का नाही, गावाला ठोका मिळाला. तू असा चिडलास, असा चिडलास की मी पहिल्यांदा तुला घाबरलो. "घंटा झुलते. तिला ठोकत न्हाईत. ती काय शाळेबाहेर टांगलेला रुळाचा तुकडा हाय?" मी म्हटलं, तू दिवसभर हेच करतोस की, ठोकतोस की! तू उठून आत गेलास. ओट्यावर मी आणि अर्धा कप चहा. हा वाद आपला तिथंच राहिलाय, शमुवेल. पुरा झाला नाही. त्या दिवशी आत जाऊन तू काय करत होतास ते मला आत्ता आत्ता वहिनींकडून कळलं. पण क्रमानं घेतो.

घंटा बंद म्हटल्यावर मंडळीनं शहाणपणा केला. सेक्रेटरीसाहेबांच्या मेहुण्यानं आखातातून घंटानादाची कॅसेट पाठवली, परदेशातल्या कुठल्यातरी मोठ्या देवळाची. कर्णा लावला. रविवारी सकाळी दौंडाला परदेशी घंटा ऐकू यायला लागल्या. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग उन्हानं म्हणा, धुळीनं म्हणा, टेप ओढायला लागली. टणटण सुरू व्हायची आणि मध्येच घंटेला झोप लागायची, टॉऽऽऽण करून ती म्हशीसारखी हंबरायची, मग दचकून जागी होऊन धावत सुटायची. एका लग्नात नवरा-नवरी पायरीवर उभी आणि वरून हे हंबरणं. नवरीचा मामा म्हणाला, गाभण दिसतीय. मयतालाही तीच कॅसेट. माणूस गेला की कोणीतरी बटण दाबायचं. अब्बा तोवर राहिले नव्हते, ते एक बरं. त्यांनी आरायंत्र बंद केलं नसतं त्या आवाजाला.

आणि तू? तू दर रविवारी त्या कर्ण्याखालून देवळात जायचास. चीर गेलेलं चाक शंभर डब्यांत ओळखणारा तू, ती हंबरणारी कॅसेट ऐकून घ्यायचास. मी विचारायचो, कसं सहन करतोस? तू म्हणायचास, "असूं दे. कॅसेटला कोण भंगारात घालत न्हाई." मी ते विनोद म्हणून धरलं, चार ठिकाणी सांगितलं, आणि माझाच म्हणून सांगितलं.

तू आजारी पडलास. दवाखान्यात मी रोज दुपारी यायचो आणि शेजारच्या खाटांवरच्या लोकांना तुझी खोटी कीर्ती सांगायचो, की यानं एका रात्री हातोडीच्या एका ठोक्यानं अख्खी मेल वाचवली. तू डोळे मिटून ऐकायचास. शेवटच्या दुपारी डोळे उघडलेस आणि विचारलंस, "हमीद, नवी तुळई कवा आणतोस?"

आणि हसलास.

मला असा संताप आला. इतक्या तुळया नाकारून, वर मरणाच्या खाटेवर माझी टिंगल. मी म्हटलं, "आता तुझ्या पेटीसाठीच आणतो," आणि निघून आलो. हे शेवटचं बोलणं आपलं. तुला काही सांगायचं होतं का? तुझा तो हसरा चेहरा मी रोज उलटसुलट करून बघतोय, हातोडी मारून बघतोय, मला आवाज कळत नाही. माझे कान तुझ्यासारखे नाहीत.

शब्दाचा पक्का आहे मी. ती जिनिंगची तुळई, गाठीची, मी त्याच रात्री आऱ्यावर चढवली. फळ्या अशा निघाल्या की बघत राहावं. गाठ मुद्दाम तुझ्या डोक्याकडच्या बाजूला ठेवली. आता काढ खोड. आता म्हण, आखूड.

देवळात पेटी ठेवली. गीत झालं, पाळकसाहेब बोलले, सगळं रीतीनं. मग ती वेळ आली, पेटी उचलायची आणि ठोका पडायचा. कोणीतरी कॅसेटचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. लोडशेडिंग! दुपारचं लोडशेडिंग, शमुवेल. दौंड जंक्शनच्या चाकांचा माणूस निघालाय आणि त्याच्यावर एक हंबरडासुद्धा नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "हरकत नाही, तसंच निघू."

हरकत नाही? माझ्या डोक्यातली आरी सुरू झाली. मी सरळ तुझ्या घरी गेलो, समोरच तर आहे. दारामागं तुझी हातोडी टांगलेली. मागं वळतो तर वहिनी माझ्या पाठोपाठ आलेल्या, नातलग बाया सोडून. त्यांनी हातोडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. दांड्यावर त्यांनी हात ठेवला आणि क्षणभर सोडलाच नाही. मला वाटलं अडवतायत. मग सोडला.

या वयात, या पोटानं मी मनोरा चढलो. कबुतरांनी माझा जाहीर सत्कार केला. वर तिघी बहिणी धुळीत बसलेल्या. आणि मी आधी काय बघितलं असेल? धंद्याची खोड. तुळई बघितली. अंगठ्याचं नख रोवलं. रुतेना. हातोडीच्या दांड्यानं ठोकली. खणखणीत! वाळवी नाही, भेग नाही, काही नाही. बर्मा सागाची तुळई, अजून शंभर वर्षं घंटा खेळवेल अशी. मला काही कळेना. खाली पेटी उचलली होती, दारातून बाहेर येत होती. विचार करायला वेळ नव्हता. मी थोरलीवर हातोडी मारली.

भद्द.

दौंडाच्या डोक्यावर फुटक्या रांजणाचा आवाज पडला. तोच आवाज. तेरा वर्षांपूर्वी शिडी धरून ऐकलेला. त्या एका ठोक्यात सगळ्या तुळया माझ्या अंगावर कोसळल्या, ओली, सुकी, आखूड, बाभळीची, गाठीची. शिरूरची वाडी दिसली, घण दिसले, न खाल्लेली भजी दिसली. मी तिथंच ओरडलो, इतकं की खालच्यांना वाटलं मी पडलो. काय ओरडलो ते या पुस्तिकेत छापता येणार नाही. तुझ्या आईला मी फार मानायचो, तिची माफी मी नंतर कबरीवर जाऊन मागितली.

आणि तरीही ठोके दिले. एक विरल्यावर दुसरा, रीतीप्रमाणं. विरायला काही नव्हतंच त्यात. मारलं की मेलं. तुझी पेटी रूळ ओलांडेपर्यंत मी त्या फुटक्या घंटेला ठोकत होतो आणि रडत होतो, आणि ते रडणं दुःखाचं होतं असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. रागाचं होतं.

खाली आलो तर पायरीवर यशवंतमामा उभे होते. तुझ्याबरोबर जन्मभर चाकं ठोकलेले. मी त्यांना म्हटलं, मामा, ऐकलंत?

"ऐकलं की."

"फुटलीय ती!"

"व्हय. आम्हाला तवाच म्हाईत हाय. शमुवेल वर ठोकत व्हता तवा मी खाली यार्डात व्हतो. भद्द म्हटल्याबरोबर आमच्या चौघांच्या माना वर झाल्या."

"आणि मला कोणी सांगितलं नाही?"

मामा माझ्याकडं असे बघत राहिले की जणू मी बिनतिकिटाचा. "हमीदभाई, तुम्हाला सांगायचं म्हंजी स्टेशनवरच्या भोंग्यात बोलायचं. दुपारपातुर भंगारवाला दारात आला असता."

मी वहिनींकडं गेलो. त्यांनाही माहीत होतं. "म्हणून तर हातोडी धरून ठेवली क्षणभर," म्हणाल्या. "मग म्हटलं वाजूं दे. कशी का होईना, त्यांच्यावर थोरली वाजूं दे." आणि मग त्यांनी सांगितलं, त्या दिवशी तू माझ्यावर चिडून आत गेलास तेव्हा चुलीपाशी बसून म्हणालास, "हमीदला सांगावंसं वाटतं गं. जीव जातो न सांगून. पर त्याच्या पोटात तीळ भिजत न्हाई."

हे वाक्य मी तुझ्यासमोर धरून उभा आहे. उत्तर दे. चाकाला चीर गेली तर तू गाडी अडवायचास, हजार माणसांच्या शिव्या खाऊन. थोरलीला चीर गेली तेव्हा सगळ्या गावाला अडवलंस आणि मला सगळ्यात जास्त. मित्र म्हणून एकदा, एकदाच ओट्यावर कानात सांगायचं होतंस!

पुढचं तुला माहीत नाही, कारण तू सोयीस्कर गेलास. पुढच्याच रविवारी सेक्रेटरीसाहेबांनी उपासनेनंतर बैठक लावली. विषय एकच. घंटा फुटकी असल्याचं सर्वांनी ऐकलं आहे, ती विकून नवीन ध्वनियंत्रणा घ्यावी. म्हणजे तू जे तेरा वर्षं झाकून ठेवलंस, ते मी तुझ्याच हातोडीनं, तुझ्याच मयताला, गावाला वाजवून दाखवलं होतं. बैठकीला मधे आठवडाभर. मला त्या मंडळीत मत नाही, मी नमाजी माणूस. माझ्याकडं फक्त तोंड.

मग मी ते वापरलं. सोमवारी सकाळी स्टेशनच्या चहावाल्याला सांगितलं, कानात, अगदी गुपित म्हणून. "शमुवेलची पेटी उचलली आणि पहिल्या ठोक्याला थोरलीच्या अंगाला तडा गेला. माझ्या डोळ्यांदेखत. इतकी वर्षं दोर ओढणारा दुसरा माणूस तिनं बघितलाच नव्हता ना." बस. मंगळवारी ते सोलापूर पॅसेंजरनं भांडगावला गेलं. बुधवारी कंपनीच्या बसनं रांजणगावच्या पाळीत पोचलं, तिथून परत येताना घंटेच्या डोळ्यांतून पाणी आलेलं होतं. ते मी घातलेलं नव्हतं, खरंच नव्हतं. शनिवारी मनोऱ्याच्या तळाशी मेणबत्त्या लागल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या दोन बायका अगरबत्ती लावून गेल्या.

रविवारी बैठकीला उभं राहायला जागा नव्हती. आम्ही सभासद नसलेले पायरीवर. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, या भाकडकथा आहेत, घंटा पूर्वीपासून फुटलेली असणार. तेव्हा पायरीवरून यशवंतमामा बोलले. उभ्या हयातीत खोटं न बोललेला माणूस, विहारात पंचशील म्हणणारा. "साहेब, आमचा जल्म लोखंड ऐकण्यात गेला. चीर ताजी हाय." मागचे यार्डातले तिघं म्हातारे एका सुरात म्हणाले, "ताजी हाय." मामांचे कान लाल झाले होते. बाहेर आल्यावर त्यांनी मला जी शिवी दिली ती मी जपून ठेवलीय.

मग पाळकसाहेबांनी वहिनींकडं बघितलं. वहिनी उठल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा नवरा गेलाय. थोरली फुटलीय. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या हायत. आता विका."

कोणी हात वर केला नाही.

थोरली वर आहे, शमुवेल. मधली आणि धाकटी येत्या नाताळात वाजणार, तुळई उत्तम आहे हे मीच जाहीर केलं. कोणी गेलं की थोरलीवर हातोडी पडणार, भद्द तर भद्द. आमच्या वखारीतलं आरायंत्र त्या आवाजाला बंद होतं, परवा झालं.

वहिनींनी हा मजकूर छापायच्या आधी वाचला. घाबरल्या. म्हणाल्या, "भाई, हे छापलं तर सगळ्यांना कळंल ना, आधीच फुटली व्हती म्हणून?" मी छापखान्यातल्या पोराला बोलावून मोठ्यानं वाचून दाखवलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो पोट धरून हसला. म्हणाला, "चाचा, तुम्ही पण ना! तुळया काय, लोडशेडिंग काय! अहो, थोरली शमुवेलमामांवर रडली आणि फुटली, हे अख्ख्या दौंडाला माहीत आहे."

हे तुझ्या एवढ्या मोठ्या कानांना कधी ऐकू आलं नाही, मेल्या. माझ्या पोटात तीळ भिजत नाही, कबूल. पण माझ्या तोंडातून पडलेलं खरं आजवर कोणी खरं मानलंय? तुझं गुपित ठेवायला दौंडात माझ्याइतकी पक्की जागा दुसरी नव्हती. सांगायचं होतंस.